मत्स्यसापळा, पूर्व आफ्रिका

हात आत गेला तेव्हा काहीच झालं नाही. झालं ते बाहेर काढताना. सुपारी बोटांत सापडली होती, झेंडूचं फूल मुठीत आलं होतं, आणि विजयमालेनं हात मागं घेतला तसं कुणीतरी तिचं मनगट धरलं. जोरानं नाही, ओळखीच्या बाईनं बाजारात हात धरून थांबवावं तितपतच. तिनं पुन्हा ओढला, तर पकड आवळली आणि टोपलं बारीक करकरलं. मग मात्र ती हलली नाही. हातापेक्षा तिला त्या करकरण्याची धास्ती वाटली. शोकेसचं दार उघडं, ती कंबरेत वाकलेली, डोकं आणि एक खांदा काचेच्या आत, उरलेली बाई बाहेर. आणि अगदी नाकाशी तिनंच वळणदार अक्षरात लिहिलेली पाटी: मत्स्यसापळा, पूर्व आफ्रिका. वेत, ताडाच्या काड्या, लव्हाळ्याची दोरी. माकडाची गोष्ट तिलाही ठाऊक होती, म्हणून तिनं आधी मूठ सोडून बघितली. फूल पडलं, सुपारी घरंगळत टोपल्याच्या शेपटीकडं गेली. हात काही सुटला नाही.

ते टोपलं कसं काम करतं हे तिनं शाळांच्या सहलींना इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. बाहेरून बघाल तर लांबट, पोटात फुगलेलं, शेपटीकडं निमुळतं. पण तोंडातून आत वळलेलं आणखी एक नरसाळं असतं, लवचिक काड्यांचं, प्रत्येक काडीचं टोक तासलेलं. पावसाळ्यात तळ्यातला मासा ओढ्यानं वर चढतो, तोंडातून शिरतो, काड्या अदबीनं बाजूला होतात. मागं फिरला की त्याच काड्या त्याच्या खवल्यांत रुततात. इथं ती जरा थांबायची आणि म्हणायची, मासा येडा नसतो बरं का, त्याला नुसतं पुढं जायचं असतं. पोरं हसायची, मास्तर लोक माना हलवायचे. आज काड्या खवल्यांत नाही, बांगड्यांच्या मागं रुतल्या होत्या. हिरव्या काचेच्या, दोन्ही हातांत भरगच्च. एरवी ती हातात एखादीच घालायची. पण नवरात्र म्हणून दैवशालाताईंनी, तिच्या थोरल्या नणंदेनं, कासाराला घरी बोलावून तिचे हात भरले होते. नको म्हणायची सोय नव्हती. ताईंचं देणं हे असंच. घेताना हाताला काहीच लागत नाही. आपण कुणाला काय दिलं याची ताई कधी आठवण काढत नाहीत. देणारा विसरला की घेणाऱ्यालाच ते जन्मभर लक्षात ठेवावं लागतं, हा ताईंचा हिशेब विजयमालेला उशिरा कळला, आणि कळल्यावर तिला मनोमन त्यांचं कौतुकही वाटलं.

आज खंडेनवमी. झरीला ट्रॅक्टरांना हार पडले असतील, सेलूच्या कापसाच्या जिनिंगांत यंत्रं धुऊन पुसून कुंकवानं लाल झाली असतील, परभणीच्या गल्ल्यांत स्कूटरी लिंबू-मिरची लेवून उभ्या होत्या. विजयमालेचे सासरे रंगनाथराव हे मूळचे फिटर. हत्यार ते हत्यार, ते आपलं असो की परमुलखातलं, वर्षातून एकदा त्याला हळद-कुंकू लागलंच पाहिजे, असा त्यांचा नेम. आणि ते गेल्यावर तो त्यांच्या लेकीनं उचलला. त्यामुळं वाचनालयाच्या वरच्या या दालनात, जिथं वस्तूला उघड्या बोटानं शिवू नका अशी पाटी आहे, तिथं दर खंडेनवमीला दैवशालाताई ताट घेऊन येतात. भाल्याच्या पात्याला कुंकू, धनुष्याला तेलाचं बोट, जाळ्यावर अक्षता, आणि या टोपल्याला तोंड आहे म्हणून त्याच्या तोंडात सुपारी आणि फूल. किती वर्षांचं कुंकू त्या वेताच्या सांध्यांत बसलं होतं कोण जाणे. विजयमालेनं त्यांना कितीदा गोडीनं सांगितलं की तेलानं वस्तू खराब होते. ताई म्हणायच्या, हो बाई, खरं हाय तुझं. आणि पुढच्या वर्षी कुंकवाची डबी मोठी आणायच्या. यंदा तिनं हात जोडले होते. एवढं एक वर्ष राहू द्या, मुंबईची माणसं बघायला येणार आहेत. ताई म्हणाल्या, मग तर पायजेच, आपल्या हत्याराला उपाशी ठेवून पाहुण्याला दाखवायचं व्हय? सकाळी पूजा झाली, ताई खाली घरी गेल्या आणि मागोमाग फोन आला. दसऱ्याला येणारे मुंबईकर नांदेडचं काम लवकर आटोपलं म्हणून आज दुपारीच येत होते. तेव्हापासून विजयमाला ब्रश आणि कापूस घेऊन पुसत होती. भाले झाले, धनुष्यं झाली. टोपलं शेवटी ठेवलं होतं, कारण ते नाजूक. आणि मुंबईकर खरं तर त्याच्यासाठीच येत होते.

मुंबईच्या त्या मोठ्या संग्रहालयानं फोटो बघून कळवलं होतं की आतलं नरसाळं शाबूत असलेलं असं टोपलं सहसा मिळत नाही. ते धड असलं तर बाकीच्या संग्रहाचाही विचार करू. या एका वाक्यावर विजयमालेनं उन्हाळा आणि पावसाळा काढला होता. संग्रह गेला की दालन बंद. दालन बंद झालं की ती मोकळी. उद्या दसरा. दसऱ्यानंतर तिच्या माहेरची, राणीसावरगावची, निम्मी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि पोरं मागं राहतात. त्या पोरांसाठी गावात वसतिगृह निघालं होतं आणि बन्सीधर गुरुजींना तिथं राहणारी बाई हवी होती. गुरुजी फोनवर म्हणाले होते, दसऱ्यापस्तोर थांबतो, ताई, पुढं मला दुसरं माणूस बघावं लागंल. ती उन्हाळ्यात जाऊन खोली बघून आली होती. एक खाट, भिंतीला खुंट्या, खिडकीबाहेर कडुनिंब. त्या खोलीत कुणाचीच वस्तू नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की ती खाटेवर नुसती बसून राहिली आणि गुरुजींना वाटलं, बाईंना खोली लहान वाटली. नवऱ्याला, योगीरावांना, तिनं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बघू. ते सगळ्यालाच बघू म्हणतात. त्यात होकार किती आणि नकार किती हे काढायला तिला संसाराची निम्मी वर्षं लागली होती. या बघूत होकार होता. फक्त आधी ते सामान मार्गी लाव, एवढंच ते म्हणाले. आणि दैवशालाताईसुद्धा म्हणाल्या होत्या की आप्पांचं, म्हणजे रंगनाथरावांचं, नाव लावून मोठ्या ठिकाणी जात असेल तर माझी हरकत न्हाई. सगळ्या काड्या बाजूला झाल्या होत्या.

टोपलं हलकं होतं. सुटं असतं तर ती ते हातात घालून चालत खाली गेली असती. पण सासऱ्यांनी ते सागवानी फळीला तारेनं जखडलं होतं आणि फळी शोकेसला. त्यांनी जखडलेलं काही सुटत नसे. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मामा झरीचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण हात यंत्रात चालायचा. सेलूच्या जिनिंगमध्ये शिकले, तिथल्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं आगबोटीनं युगांडात गेले आणि तळ्याकाठच्या एका जिनिंगची यंत्रं त्यांनी बरीच वर्षं सांभाळली. परत आले ते मोठमोठ्या पेट्या घेऊन. सासूबाई सांगायच्या, अख्खी गल्ली बघायला जमली, पेटी उघडली, वरचा पेंढा काढला, तर खाली टोपली. आपल्याकडं टोपल्या नव्हत्या का, एवढंच त्या बोलल्या आणि मग त्या विषयावर जन्मात दुसरं बोलल्या नाहीत. भाले, दोरी बांधलेले काटेरी भाले, बाणांचे भाते, हरणाचा पाय धरायचं काटक्यांचं कडं. त्या कड्याबद्दल पोरं हमखास विचारायची, हरणाचा पाय मोडतो का? मोडत नाही. कड्याला ओंडका बांधलेला असतो. हरीण तो ओढत पळतं, शिकारी सावकाश मागनं येतो. कडं मोडत नाही, थकवतं. हे सांगताना विजयमालेचा आवाज आपोआप खाली यायचा.

प्रत्येक वस्तूमागं मामांचं एकच वाक्य असायचं: त्या माणसानं खुशीनं दिली. हे टोपलं कापूस घेऊन आलेल्या एकानं दिलं. तो वजनाच्या रांगेत उभा होता, टोपलं पाठीला होतं. मामा यंत्राला तेल घालून बाहेर आले, टोपल्याकडं बघत राहिले, तर त्यानं न मागता पुढं केलं. हे सांगताना मामांना गहिवरून यायचं. विजयमाला मान हलवायची आणि मनातल्या मनात जमाखर्च मांडायची. कापसाची रांग तिनंही बघितली होती. तालुक्याच्या बाजारात वडील गाडीवर बसलेले, ती शेजारी. कापूस तपासणारा साहेब जवळ आला की वडलांच्या तोंडावर खुशी यायची. गाडीतल्या भोपळ्याकडं साहेबानं नुसतं बघितलं तरी वडील म्हणायचे, न्या की साहेब, घरी लय झालेत. घरी लय झालेले नसायचे. त्या तळ्याकाठच्या माणसाच्या घरी टोपली किती होती हे कुणी विचारलं नव्हतं. ओढ्याला पाणी आलं असेल, मासे चढायला लागले असतील, आणि त्याच्या बायकोनं त्याला विचारलं असेल, टोपलं कुठं आहे. त्यानं काय सांगितलं असेल? बहुतेक तोही म्हणाला असेल, खुशीनं दिलं. आता वाकून वाकून तिची कंबर भरून आली होती, घाम कानामागून मानेवर उतरत होता, काचेच्या आत तेल, कापूर आणि जुन्या वेताचा कोंदट वास होता, आणि तिला त्या न पाहिलेल्या बाईची इतकी ओळख वाटली की तिनं जणू तिच्यासाठीच हात पुन्हा एकदा, अगदी हळू, ओढून बघितला. बांगड्या काड्यांवर आपटून किणकिणल्या. हात सुजायला लागला होता.

तिच्याकडं या दालनाची किल्ली आली ती लग्न ठरतानाच. बघायला आले तेव्हा योगीराव काही बोलले नाहीत, बोलले मामा. किती शिकलीस? बी.ए. कशात? इतिहासात. त्यांचा चेहरा उजळला. बाकीच्या पोरींना स्वयंपाक विचारतात, हिला इतिहास विचारला, म्हणून माहेरी केवढं कौतुक. लग्नानंतर मामा म्हणाले, जरा बघत जा. मग पाट्या लिहून दे. मग ट्रस्ट झाला आणि त्याच्या कागदात अट आली की घरचं माणूस असल्याशिवाय दार उघडायचं नाही. घरचं माणूस म्हणजे कोण? योगीरावांना पाटबंधाऱ्याचं ऑफिस होतं, ताईंना शाळा होती, पुढं गुडघे होते. तिला कुणी सक्ती केली नाही. सक्ती झाली असती तर भांडता आलं असतं. वडलांच्या दहाव्याहून ती दुपारीच निघाली, कारण जिंतूरची एक शाळा यायची ठरली होती. आणि भाऊच म्हणाला, जा तू, पोरं वाट बघत असतील. एकदा ताईंनी कृषी विद्यापीठात शिकणारा युगांडाचा एक विद्यार्थी शोधून आणला. त्याला फेटा बांधला, हातात भाला दिला, फोटो काढला. तो फार सभ्य होता. या टोपल्यानं मासे कसे धरतात असं विचारल्यावर तो म्हणाला, आमच्याकडं मासे बाजारातून आणतात, माझे आजोबा बस चालवायचे. तो गेल्यावर ताई हळहळल्या की पोरगं शिकलं आणि आपलं सगळं विसरलं. विजयमालेला मात्र त्याचा हेवा वाटला. तो भाला परत देऊन, फेटा काढून, जिना उतरून गेला होता.

फोन खिडकीत वाजत होता. मुंबईकर असतील, वसमत रोडला लागलो म्हणायला. फोनपर्यंत हात पोचत नव्हता. कात्रीपर्यंत पोचत होता. धाग्याची गाठ कापायला आणलेली कात्री गुडघ्यापाशी पडली होती. डाव्या हातानं तिनं ती उचलली, एका काडीला टेकवली. चार काड्या. चार काड्या कापल्या की हात मोकळा, आणि चार काड्या कापल्या की ती स्वतः इथली. तिनं कात्री खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, कारण पाहुणे आल्यावर या अवस्थेत सापडणं तिला दिसायला लागलं: मुंबईची बाई दारात, आणि आत काचेच्या कपाटात अर्धी बाई. मग पुन्हा ठेवली. तेवढ्यात जिन्यावर दैवशालाताईंचे गुडघे ऐकू आले. प्रत्येक पायरीला कठड्यावर हात आपटायचा, एक सुस्कारा, मग पुढची पायरी. विजयमालेला पहिल्यांदाच वाटलं की या बाईला अजून बऱ्याच पायऱ्या असाव्यात.

ताईंनी पाहुण्यांसाठी आणलेला शिऱ्याचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काय करायलीस गं, आत डोकं घालून?"

"हात अडकलाय, वन्सं."

ताई रागावल्या नाहीत. त्याचीच विजयमालेला भीती वाटली. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, तिच्या मानेवरचा घाम पदरानं टिपला. दुखायलंय का, म्हणून विचारलं. मग त्यांना कात्री दिसली. त्यांनी ती उचलून तिच्या डाव्या हातात दिली, पोरीला खाऊ द्यावा तशी.

"काप की मग. तुझ्या हातापेक्षा का टोपलं जास्त हाय?"

"कापलं तर ते नेणार नाहीत."

"न न्हेऊ देत."

हे तीन शब्द ताईंनी इतक्या मायेनं म्हटले की विजयमालेला त्यांच्या तोंडाकडं बघावं लागलं. मान वळत नव्हती. काचेत अस्पष्टसं दिसलं तेवढंच. खरंच काळजी होती तिथं. आणि काळजीच्या शेजारी, तिला चिकटूनच, दुसरंही काही होतं. आप्पांचं नाव ज्या भिंतीवर आहे ती भिंत रिकामी होणार नव्हती, आणि त्यासाठी ताईंना काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त भावजयीवर माया करावी लागणार होती. यातलं किती कुठल्या बाजूला मांडायचं हे विजयमालेला ठरवता येईना. एवढी वर्षं माणसं मोजली, आणि मोजायची वेळ आली तेव्हा मान वळत नव्हती.

"बांगड्या फोडा, वन्सं," ती म्हणाली. "बाहेरून काहीतरी घालून दाबा. बांगड्यांनीच धरलंय."

ताई मागं सरल्या. "नवमीला? सवाष्णीच्या? आन् मी?" त्यांनी स्वतःचे उघडे हात पदरात घेतले. "माज्या फोडल्या तवा मला धरून बसवलं होतं बायांनी. कोण कोण होत्या ते अजून ध्यानात हाय माझ्या. तसल्या बायांत मला नको घालूस, विजयमाला."

हे त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. खाली रस्त्यावर एक गाडी थांबल्यासारखी वाटली आणि पुढं गेली. ती म्हणाली, मग तुमी तिकडं तोंड करा. ताईंनी तोंड फिरवलं नाही. त्या पुढं आल्या, गुडघ्यांना न जुमानता खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी टोपलं फळीवर दाबून धरलं, घट्ट, म्हणजे धक्क्यानं ते तडकू नये. टोपल्यासाठी धरलं की टोपल्यातल्या हातासाठी, हे विचारायची ती वेळ नव्हती. विजयमालेनं आतल्या आत मनगट जमेल तेवढं उचललं आणि खाली आपटलं. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. मग एक बांगडी गेली, मग दोन एकदम, मग उरलेल्या. काच कातडीत शिरली ते तिला आधी गार लागलं. हात आखडून, अंगठा तळव्यात घालून तिनं ओढला, काड्यांनी मनगटापासून बोटांपर्यंत लांब रेघा ओढल्या, आणि हात बाहेर आला. टोपल्याची एकही काडी मोडली नव्हती. ताई पुटपुटत होत्या, वाढल्या, वाढल्या, फुटल्या म्हणू नको. आणि पूजेच्या ताटातली हळद मूठभर घेऊन त्यांनी जखमेवर दाबली. विजयमाला आपल्या हाताकडं बघत होती. हात मोकळा होता. अजून ती सुपारी, ते फूल आणि हिरवी काच आत होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

रोहिणी नावाच्या त्या मुंबईच्या अधिकारी बाई तिला वाटल्या होत्या त्याहून तरुण निघाल्या. केस आखूड, गळ्यात भिंग, पिशवीतून काढलेले पांढरे हातमोजे. बरोबर महारुद्र म्हणून एक पोक्त छायाचित्रकार. विजयमालेनं हाताला रुमाल गुंडाळला होता. कुणी विचारलं नाही. रोहिणीबाईंनी भाले बघितले, धनुष्यं बघितली, छान ठेवलंय म्हणाल्या, पण ते पाहुण्याच्या घरचा चहा छान म्हणावा तसं. टोपल्यापाशी मात्र त्या बसल्या. विजेरीचा झोत आत गेला. विजयमालेनं माफी मागायची वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यांतलं पहिलं तोंडाशी आलं, तेवढ्यात त्यांनी अगदी हळू विचारलं, हे कुंकू कधीपासूनचं? थरच्या थर आहेत. दैवशालाताई पुढं झाल्या. पाहुण्यांसमोर ताईंची भाषा एकदम शाळेतली होते. त्यांनी वडलांचा नेम सांगितला, युगांडातल्या यंत्रांची पूजा सांगितली, खंडेनवमी सांगितली. महारुद्र फोटो काढत होते. मग रोहिणीबाईंनी विचारलं, आणि ही काच?

विजयमालेनं रुमाल गुंडाळलेला हात पाठीमागं घेतला.

"सवाष्णीनं बांगड्या वाहायच्या असतात," ताई म्हणाल्या. पाढा म्हणावा तशा.

विजयमालेनं त्यांच्याकडं बघितलं. ताईंनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांना तिची लाज राखायची होती, की दुसरं काही राखायचं होतं. बहुतेक दोन्ही, आणि दोन्ही एकाच वाक्यात बसलं होतं. रोहिणीबाईंनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं, फार आवडलेलं गाणं ऐकताना करतात तसं.

शिरा खाता खाता त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडं अशी टोपली फडताळांत पडून आहेत, वर्षानुवर्षं त्यांना माणसाचा हात लागलेला नाही. इथं एका परमुलखातल्या वस्तूला एका घरानं आपलं केलं आहे. हे उचलून मुंबईला नेणं म्हणजे तिला पुन्हा एकदा घराबाहेर काढणं. म्हणून आम्ही काही हलवणार नाही. हे इथंच राहील, पूजा चालू राहील, पुढच्या खंडेनवमीला आम्ही चित्रीकरण करू. दालनाला मदत मिळेल, पाच वर्षांचं काम आहे, आणि ते ताईंच्या, म्हणजे विजयमालाताईंच्या हातातच राहिलं पाहिजे. असं माणूस आम्हाला शोधून मिळालं नसतं. भाले मात्र पुसायला नको होते, असं त्या जाता जाता म्हणाल्या, अगदी हळुवारपणे.

विजयमालेनं बशी खाली ठेवली. तिला वाटलं होतं, हे बोलायची वेळ आली तर आवाज कापेल. कापला नाही.

"मला हे नको आहे," ती म्हणाली. "मी राणीसावरगावला वसतिगृहाचं काम धरलंय. उद्यापर्यंत त्यांना सांगायचंय. हे सगळं तुम्ही घेऊन जा."

रोहिणीबाईंचा चमचा थांबला. महारुद्रांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली. क्षणभर ते वाक्य खोलीत उभं राहिलं, साधं, सरळ, कुणीही उचलून घ्यावं असं. मग दैवशालाताई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, डबा घेऊन आल्या, आणि विजयमालेच्या बशीत आणखी एक चमचा शिरा वाढत पाहुण्यांकडं बघून म्हणाल्या, "आमची विजयमाला अशीच आहे. आधी नको म्हणणार, आणि मग सगळं हिच्याच हातून होणार."

"खरी कामाची माणसं अशीच असतात," रोहिणीबाई म्हणाल्या आणि त्यांचा चमचा पुन्हा चालू झाला. महारुद्र हसले, ताई हसल्या. मोठ्यांनी कौतुक केलं की सुनेनं खाली बघून हसायचं, हे विजयमालेच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिला त्याची खबरही लागली नाही. खबर लागली तेव्हा कळलं की सगळ्यांच्या आधी तीच हसली होती. रोहिणीबाईंनी पेन काढलं. जबाबदार व्यक्ती म्हणून पूर्ण नाव काय लिहू, असं त्यांनी विचारलं. विजयमालेनं सांगितलं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आणि बाहेर कुणाच्या तरी गाडीच्या पूजेचे फटाके वाजायला लागल्यामुळं नीट ऐकू गेलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा, सावकाश.